बादलीतलं पाणी, मीटरमधली उष्णता

वाचकांचे प्रश्न

कचरा आणि वीजबचत या विषयांवर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. विषय वरवर वेगळे दिसतात, पण उत्तरं लिहिताना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर आल्या. ओल्या कचऱ्याची बहुतेक दुखणी त्यातल्या पाण्यामुळे होतात. आणि घरातली बरीचशी वीज आणि इंधन काहीतरी तापवण्यात किंवा गार करण्यात खर्च होतं. या दोन ठिकाणी लक्ष घातलं तर मेहनतीचं चीज होतं. म्हणून त्या प्रश्नांना आम्ही जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : गॅलरीत झाकणाच्या बादलीत खत करायला घेतलं. पंधरा दिवस सगळं ठीक होतं. आता झाकण उघडलं की कुजका वास येतो, खालून काळं पाणी गळतं आणि परवा अळ्याही दिसल्या. सगळं फेकून द्यावं का?

फेकू नका. बादली बिघडलेली नाही, तिच्यात पाणी जास्त झालंय. भाज्यांची देठं, फळांच्या साली यांच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग पाणीच असतो. देठं-साली कुजायला लागल्या की ते पाणी सुटतं, तळाशी साचतं आणि कणांमधल्या फटी बुजवून टाकतं. हवा खेळायची थांबली की हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि हवेशिवाय जगणारे जोर धरतात. वास त्यांचा असतो. सुरुवातीला पंधरा दिवस वास न येण्याचं कारण एवढंच, की तोपर्यंत पाणी सुटलेलं नव्हतं.

वासावरून दुखणं ओळखता येतं. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा अजिबात पोचत नाही. आंबूस, शिळ्या फळासारखा वास म्हणजे ओल जास्त आणि ताजा माल घाईने पडतोय. डोळ्यांना झोंबणारा, अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त आणि सुकं कमी. तिन्हींवर उपाय साधारण एकच आहे, सुकं घालणं आणि ढवळणं. पण पहिल्या प्रकारात ढवळण्यावर जोर हवा आणि तिसऱ्यात सुक्यावर.

आज करायचं ते असं. बादली एका मोठ्या घमेल्यात किंवा जाड प्लॅस्टिकवर रिकामी करा. गोळे हाताने फोडा, हातमोजे घालून. मूठभर माल घट्ट दाबून पाहा. बोटांमधून एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर आहे. धार लागली तर सुकं कमी आहे. मूठ उघडल्यावर माल भुसभुशीत सुटला तर उलट पाणी शिंपडायला हवं. तुमच्याकडे धार लागणार हे नक्की, म्हणून आहे त्या मालाच्या निम्म्या आकारमानाइतका सुका पाचोळा, फाडलेला पुठ्ठा किंवा काथ्याचा भुगा त्यात कालवा आणि पुन्हा दाबून पाहा. थेंबावर आलं की थांबा. लाकडाचा भुसा चालतो, पण प्लायवूड किंवा दाबीव फळ्यांचा भुसा घेऊ नका, त्यात डिंकाची रसायनं असतात. गुळगुळीत रंगीत छपाईचा कागदही नको.

परत भरण्याआधी बादलीकडे एकदा नीट पाहा. २० लिटरच्या बादलीला तळाशी सहा-सात आणि बाजूंना तीन रांगांत साधारण १० सेंटिमीटर अंतरावर ८ ते १० मिलिमीटरची भोकं हवीत, आणि भोकांवर आतून बारीक जाळी. तळाशी ४-५ सेंटिमीटर जाडीचा थर काटक्यांचा आणि पुठ्ठ्याच्या जाड तुकड्यांचा द्या, म्हणजे पाणी साचलं तरी माल त्यात बुडत नाही. बादली विटांवर ठेवून खाली थाळी ठेवा. तीन दिवस नवीन काही टाकू नका. त्यानंतर रोज जितकं ओलं तितकंच, आकारमानाने मोजून, सुकं टाका आणि शेवटचा थर नेहमी सुक्याचाच ठेवा. आठवड्यातून दोनदा तळापर्यंत उलथा. वरवर ढवळून खालचा चिखल तसाच राहतो, आणि बहुतेक घरांत नेमकं इथेच चुकतं.

सुकं एवढं का लागतं, याचं दुसरं कारण कर्ब आणि नत्र यांच्या प्रमाणात आहे. कुजण्यासाठी एका भाग नत्रामागे २५ ते ३० भाग कर्ब लागतो. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात तो साधारण १५ ते २० असतो, सुक्या पाचोळ्यात ५० च्या आसपास आणि लाकडाच्या भुशात कित्येक शे. म्हणून पाचोळा सढळ हाताने घाला, भुसा मात्र जपून. भुसा जास्त झाला तर वास येत नाही, पण माल महिनोन्‌महिने जसाच्या तसा पडून राहतो.

अळ्यांबद्दल. जाड, चपट्या, राखाडी-तपकिरी, अंगावर वळ्या असलेल्या असतील तर त्या काळ्या सोल्जर माशीच्या आहेत. त्या कचरा झपाट्याने संपवतात, आणि त्यांची मोठी माशी घरात अन्नावर बसत फिरत नाही. राहू द्या. पांढऱ्या, एका टोकाला निमुळत्या अळ्या घरमाशीच्या. गरम हवेत तिची अंड्यापासून माशीपर्यंतची फेरी आठ-दहा दिवसांत पुरी होते, म्हणून ओलं उघडं राहू न देणं हाच इलाज. वर ३-४ सेंटिमीटर सुका थर असला की ती अंडी घालायला जागा शोधत बसते. कीटकनाशक मारू नका, त्याने कुजवणारे जीवही मरतात.

खत तयार झालं का, हे रंगावरून ठरवू नका. मूठभर ओलसर खत घट्ट बंद पिशवीत तीन दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर तयार, कुबट आला तर आणखी दोन-तीन आठवडे थांबा. कच्चं खत कुंडीत घातलं तर ते तिथे कुजत राहतं, मुळांजवळचा प्राणवायू आणि नत्र ओढून घेतं आणि झाड पिवळं पडतं. मग दोष खताला दिला जातो.

प्रश्न : आमच्या इमारतीत ५० घरं आहेत. सगळ्यांचं मिळून खत करायचं ठरतंय. किती मोठे हौद लागतील?

आधी सात दिवस वजन करा. शेजारच्या इमारतीचा आकडा घेऊ नका, घरागणिक फार फरक पडतो. समजा घरामागे अर्धा किलो ओला कचरा निघाला, तर दिवसाला २५ किलो. आकारमानात हे ४५-५० लिटर होतं. तेवढाच पाचोळा मिसळला तर त्यातला काही भाग फटींत बसतो आणि ढिगात रोज ७५-८० लिटरची भर पडते. ढीग खचतोही. त्यामुळे १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच हौद भरायला साधारण तीन आठवडे लागतील.

भरलेला हौद लगेच रिकामा होत नाही, त्याला आठ-नऊ आठवडे द्यावे लागतात. पहिला भरायला तीन आठवडे आणि मग नऊ आठवडे विश्रांती, एवढ्या काळात आणखी तीन हौद भरतात. म्हणजे चार हौद. तीनच बांधले की तिसरा भरल्यावर पहिल्यातलं अर्धकच्चं काढावं लागतं, आणि तक्रारी तिथून सुरू होतात. चाळून ठेवायला थोडी छपराखालची जागाही धरा.

आकार १ घनमीटरच्या आसपास ठेवण्यामागे कारण आहे. एवढ्या ढिगात आतली उष्णता टिकते आणि तो ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. सलग तीन दिवस ५५ अंशांवर राहिला तर रोगजंतू आणि तणांचं बी बहुतांशी मरतं. बादलीतला माल एवढा तापत नाही. लांब दांड्याचा तापमापक घ्या आणि रोज एकाच वेळी मधोमध खुपसून आकडा लिहा. ६५ च्या वर जायला लागला की उलथा, कारण ७० च्या पुढे कामाचे जिवाणूही मरतात. ४० च्या खाली आला तरी उलथा, कडेचा माल मध्ये येऊ द्या. उलथूनही तापला नाही तर मुठीची परीक्षा करा. बहुधा तो सुकलेला असतो. तापलेला ढीग वाफेने पाणी गमावतो हे लक्षात येत नाही.

सर्वात जास्त अडतं ते पाचोळ्यावर. रोज ४५-५० लिटर म्हणजे महिन्याला सुमारे १,५०० लिटर. पानं वर्षभर सारखी गळत नाहीत, तेव्हा पानगळीच्या दिवसांत ती जाळीच्या पिंजऱ्यात साठवून ठेवावी लागतात. चुरा करणारं यंत्र असेल तर जागा बरीच कमी लागते आणि कुजणंही लवकर होतं. साठवणीची जागा ठरल्याशिवाय हौदाची पहिली वीट रचू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जमिनीला ५० ला १ असा उतार द्या, सुटलेलं पाणी एका छोट्या खड्ड्यात जमू द्या आणि ते सुकलेल्या ढिगावर परत शिंपडा. वर छप्पर हवंच. पावसात भिजलेला ढीग महिनाभर मागे जातो.

प्रश्न : खताऐवजी बायोगॅस केला तर गॅसही मिळेल ना?

मिळेल, पण किती ते पाहा. एक किलो ओल्या कचऱ्यातून ढोबळमानाने ०.१ घनमीटर वायू निघतो. २५ किलोंतून अडीच घनमीटर, आणि तो साधारण १.१ किलो सिलिंडरच्या गॅसइतकं काम करतो. एकच सामाईक स्वयंपाकघर असेल, म्हणजे वसतिगृह किंवा भोजनालय, तर हे फार उपयोगी आहे. ५० घरांत तो वाटायचा कसा हा प्रश्न सुटत नाही, म्हणून तिथे आम्ही खताकडे झुकू. शिवाय संयंत्राला नियमित खाणं लागतं. सणासुदीला किंवा समारंभानंतर एकदम दुप्पट माल टाकला की आम्ल तयार करणारे जिवाणू पुढे निघून जातात, पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६.५ च्या खाली उतरतो आणि वायू बंद पडतो. मग आठवडाभर काही न घालता वाट पाहावी लागते. लिंबूवर्गीय साली आणि कांद्याची टरफलं जास्त झाली तरी असंच होतं.

प्रश्न : ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेल्या पिशव्या खताच्या बादलीत टाकल्या. चार महिने झाले, तशाच आहेत. फसवणूक झाली का?

शब्दाने फसवलं असं म्हणता येईल. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणजे कधीतरी, कुठेतरी कुजेल. किती दिवसांत आणि कोणत्या परिस्थितीत, हे त्या शब्दात नाही. ‘कंपोस्टेबल’ हा शब्द आणि त्यासोबत आयएसओ १७०८८ सारख्या मानकाचा उल्लेख असेल तर तो माल औद्योगिक खतप्रकल्पात, सुमारे ५८ अंशांवर, ठरलेल्या मुदतीत कुजतो. तुमची बादली बाहेरच्या हवेपेक्षा थोडीच गरम असते. तिथे तो पडूनच राहणार. घरच्या बादलीसाठी पिशवीच नको, तळाशी वर्तमानपत्राचा जुना कागद पुरतो.

तिसरा एक प्रकार आहे, साध्या प्लॅस्टिकमध्ये त्याचा भुगा करणारं रसायन घातलेला. हा डोळ्यांदेखत नाहीसा होतो, पण बारीक कण होऊन मातीत राहतो. बादलीत अजिबात नको.

प्रश्न : तीन आठवडे घर बंद होतं, तरी बिलात बरीच युनिटं दिसली. मीटर खराब आहे का?

मीटरवर संशय घेण्याआधी मीटरलाच विचारा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि जवळच ‘३२०० इम्पल्स प्रति किलोवॉट अवर’ असा काहीतरी आकडा छापलेला असतो. म्हणजे ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि १,१२५ ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर त्या क्षणी चालू असलेल्या भाराचे वॉट. मीटरवर १६०० असेल तर २,२५० ला भागा.

घराबाहेर पडताना जसं सगळं बंद करता तसं करा, फ्रिजही तेवढ्यापुरता बंद ठेवा, आणि घड्याळ घेऊन मीटरपाशी उभे राहा. समजा ४५ सेकंदांनी एकदा दिवा लागला. १,१२५ भागिले ४५ म्हणजे २५ वॉट. आकडा किरकोळ वाटतो, पण २५ वॉट रोज २४ तास, ३० दिवस चालले की १८ युनिटं होतात, आणि घरात कोणी नसतानाही होतात. आता वितरण पेटीतले एमसीबी, म्हणजे घरातली एकेक ओळ तोडणारे छोटे स्विच, एकेक करून पाडा आणि दर वेळी पुन्हा मोजा. ज्याने दिव्याची गती बदलली, त्या ओळीवर शोधा.

सापडतं ते बहुधा टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, राउटर, इन्व्हर्टर, जुनी ध्वनियंत्रणा किंवा पाणी शुद्ध करणारं यंत्र. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आतून जागाच असतो आणि बरेच जुने बॉक्स तेव्हाही जवळजवळ तेवढीच वीज घेतात. त्याला भिंतीवरच्या बटणानेच बंद करा. मोबाइलचे चार्जर मात्र उगाच बदनाम आहेत. आजचा चांगला चार्जर रिकामा लटकत असताना अर्ध्या वॉटहूनही कमी घेतो. त्यांच्यामागे घरच्यांशी भांडण्यात अर्थ नाही, ती शक्ती गिझरवर लावा.

मुख्य स्विच पाडल्यावरही दिवा लुकलुकत राहिला, तर गळती मीटर आणि मुख्य स्विच यांच्या मधल्या वायरीत आहे किंवा दुसऱ्या कुणाची जोडणी तुमच्या मीटरवर आहे. तिथे स्वतः हात घालू नका, परवानाधारक वायरमनला बोलवा आणि वीजकंपनीला लेखी कळवा.

प्रश्न : गिझर दिवसभर चालू ठेवलेला परवडतो की लागेल तेव्हाच लावावा?

लागेल तेव्हाच. दर वेळी नव्याने तापवण्यात जास्त वीज जाते ही समजूत चुकीची आहे. टाकी जितका वेळ गरम, तितकी उष्णता बाहेर पडत राहते. थंड होऊ दिली तर गळती कमी-कमी होत जाते. त्यामुळे बंद ठेवलेला गिझर नेहमीच कमी खातो.

२५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला जवळपास एक युनिट लागतं, आणि २ किलोवॉटच्या गिझरला अर्धा तास. गळती किती, ते तुमचं तुम्हालाच मोजता येईल. पाणी पूर्ण तापू द्या, नळ उघडू नका आणि गिझरवरचा दिवा परत कधी लागतो ते पाहा. दर तीन तासांनी तीन मिनिटं लागत असेल तर दर खेपेला ०.१ युनिट, दिवसाला ०.८. आंघोळीच्या पाण्याइतकीच वीज नुसती टाकी गरम ठेवण्यात.

थर्मोस्टॅट ४० वर ठेवून बचत करू नका. २० ते ४५ अंशांच्या कोमट, साचलेल्या पाण्यात लीजिओनेला जिवाणू वाढतात, त्यांनी न्यूमोनिया होतो. ६० वर तापवा आणि वापरताना गार पाणी मिसळा. घरात लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर आधी गार नळ उघडायची सवय लावा.

गिझर कढत्या भांड्यासारखा आवाज करू लागला आणि तापायला पूर्वीपेक्षा वेळ लागतोय, तर कॉइलवर क्षारांचा थर बसलाय. थरामुळे उष्णता पाण्यात उतरत नाही, कॉइल आतून तापते आणि एक दिवस जळते. वर्षा-दोन वर्षांनी उघडून साफ करून घ्या आणि तेव्हाच मॅग्नेशियमची कांडी तपासायला सांगा. ती टाकीऐवजी स्वतः झिजते. संपली की गंज टाकीला लागतो. सुरक्षा झडपेतून तापताना थेंब येतात, ते यायलाच हवेत. ती झडप कधीही बुजवू नका.

आणि शॉवर मोजा. १० लिटरची बादली शॉवरखाली किती सेकंदांत भरते? मिनिटात भरली तर आठ मिनिटांच्या आंघोळीला ८० लिटर. मिनिटाला ६-७ लिटर देणारं तोंड बसवलं की गिझरला हात न लावता गरम पाण्याची तिसरा हिस्सा बचत होते.

प्रश्न : गॅस वाचवण्यासाठी झाकण ठेवा म्हणतात. त्याने खरंच एवढा फरक पडतो?

पडतो. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ३१४ किलोज्यूल लागतात. तेच पाणी वाफ करून उडवायला २,२५७, म्हणजे सातपट. उघड्या भांड्यात रटरट उकळणारं पाणी हा सातपटीचा खर्च आहे, आणि त्याने अन्न लवकर शिजत नाही, कारण उकळतं पाणी कितीही मोठ्या ज्योतीवर १०० अंशांच्या वर जात नाही. उकळी आली की ज्योत इतकी लहान करा की बुडबुडे जेमतेम फुटत राहतील. प्रेशर कुकरमध्ये पाणी १२० अंशांपर्यंत जातं म्हणून वेळ वाचतो, पण वाफ धरल्यानंतर ज्योत मोठीच ठेवली तर शिट्टीतून तीच वाफ वाया जाते. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येऊ देऊ नका. ती पिवळी झाली असेल तर बर्नरची भोकं तारेने साफ करा.

प्रश्न : फ्रिजमध्ये ठेवूनही भाजी आणि उरलेलं अन्न खराब होतं. फ्रिज वाढवून ठेवला तर बिल वाढतं.

आकड्यांच्या चकतीवर विसंबू नका, आतलं तापमान मोजा. पेलाभर पाण्यात तापमापक बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा. सकाळी ३ ते ५ अंश दिसायला हवेत, फ्रीझरमध्ये उणे १८. त्याहून गार ठेवून फक्त वीज जाते.

तापमान उतरतच नसेल तर दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर तिथून गार हवा पळतेय. चारही बाजूंना, बिजागरीकडेही, तपासा. बऱ्याचदा रबर नुसतं चिकट झालेलं असतं, कोमट साबणाच्या पाण्याने पुसलं की पुन्हा बसतं. मागच्या नळ्यांवरची धूळ काढा, भिंतीपासून हातभर नाही तरी वीतभर अंतर ठेवा. फ्रीझरमध्ये अर्ध्या सेंटिमीटरहून जाड बर्फ साचला की वितळवा.

गरम अन्न ठेवल्याने बिल फुगतं, ही भीती थोडी अवाजवी आहे. दोन लिटर पदार्थ ७० ऐवजी ३० अंशांवर असताना ठेवला तर वाचणारी उष्णता युनिटाच्या दहाव्या भागाएवढी. खरं नुकसान शेजारच्या अन्नाचं होतं, ते कोमट होतं आणि लवकर विटतं. पसरट भांड्यात काढा, ते भांडं गार पाण्यात ठेवा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये न्या. ओट्यावर रात्रभर विसरू नका.

सफरचंद, पिकलेली केळी, टोमॅटो इथिलीन वायू सोडतात आणि पालेभाजी त्याने पिवळी पडते. दोन्ही वेगळ्या कप्प्यांत ठेवा. पालेभाजी धुवून ठेवू नका. कोरड्या सुती कापडात गुंडाळली की पानांवर पाणी साचत नाही.

प्रश्न : सुका कचरा देण्याआधी धुवायचा का? पाणी वाया जात नाही का?

लखलखीत करायचा नाही. भांडी घासून उरलेल्या शेवटच्या पाण्यात एकदा खंगाळा आणि उलटा टांगा. ओलं आणि खरकटं गोणीत गेलं की सगळ्यात आधी कागद आणि पुठ्ठा वाया जातो. तेलकट झालेल्या पुठ्ठ्याचा पुन्हा कागद होत नाही, तो फाडून खताच्या बादलीत टाका.

चकचकीत वेष्टन मुठीत चुरगाळून सोडा. उलगडलं तर तो धातूचा मुलामा दिलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा, चुरगळलेलंच राहिलं तर ॲल्युमिनियमची पन्नी. पन्नी स्वच्छ करून गोळा करून ठेवा, जुन्या ॲल्युमिनियमपासून नवं करायला खनिजापासून करण्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. मुलाम्याच्या वेष्टनाचे थर मात्र सहज सुटत नाहीत. ते कमी विकत घेणं एवढाच खरा उपाय. आरसे आणि भट्टीत चालणारी काचेची भांडी बाटल्यांच्या काचेत घालू नका, त्यांचा वितळण्याचा अंश वेगळा असतो. दुकानातल्या यंत्राची गुळगुळीत पावतीही कागदात नको आणि खतातही नको, तिच्यावर रसायनाचा लेप असतो.

प्रश्न : सीएफएल दिवा फुटला. शिवाय जुन्या मोबाइलची बॅटरी फुगली आहे. कुठे टाकू?

दिव्यात काही मिलिग्रॅम पारा असतो. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या, १५ मिनिटं थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम वापरू नका, पारा हवेत उडतो. जाड पुठ्ठ्याने तुकडे भरा, बारीक कण चिकटपट्टीने उचला, ओल्या कागदाने पुसा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करून ई-कचऱ्यात द्या.

फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा आणि संकलन केंद्रावर लवकर पोचवा. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली की आग लागते, आणि ती आग कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हाताशी लागते.

प्रश्न : इमारतीच्या सामाईक बिलात काय पाहावं?

जिना आणि पंप. जिन्यात २० वॉटचे १२ दिवे १२ तास चालले तर रोज २.९ युनिटं. तिथे ९ वॉटचे एलईडी आणि हालचाल ओळखणारे सेन्सर बसवून प्रत्येक दिवा दिवसाला तीन तास लागला तर ०.३ च्या आसपास.

पंपाचं गणित कमी लोक करतात. १०,००० लिटर पाणी २० मीटर वर चढवायला निव्वळ ०.५५ युनिट ऊर्जा लागते. पंप आणि मोटार यांची मिळून कार्यक्षमता ४० टक्के धरली तर १.४ युनिट. पंपापुरता मीटर लावून पाहा. तीन युनिटं जात असतील तर तळझडप गळतेय, चाक झिजलंय किंवा वरची टाकी वाहून जातेय. यातलं शेवटचं सर्वात स्वस्तात सुटतं, तरंगत्या स्विचने.

प्रश्न : सगळी माहिती वाटली, फलक लावले, तरी चार-पाच घरं मिसळूनच कचरा देतात. काय करावं?

फलक पुरत नाहीत, कारण चूक ज्या क्षणी होते तेव्हा कोणी बोलत नाही. संध्याकाळी आठवण करून दिली की ती टोमण्यासारखी वाटते. म्हणून तपासणी बादली घेताना, दारातच व्हावी. पहिले दोन आठवडे समितीतलं एक माणूस संकलन करणाऱ्यासोबत फिरू द्या. मिसळलेली बादली दिसली तर तिथेच, शांतपणे, नेमकी कोणती वस्तू चुकली ते दाखवून परत द्या. बहुतेक चुका चार-पाच वस्तूंच्याच असतात. चहाच्या पिशव्या, ओले टिश्यू, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे, केस, झाडलोटीची धूळ. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करूच नका, लटकता ठेवा, म्हणजे तो हरवत नाही.

घरात जागा कुठे आहे तेही पाहा. ओली बादली ओट्याखाली आणि सुकी गोणी गॅलरीत असेल तर घाईत सगळं ओट्याखालीच जातं. दोन्ही शेजारी-शेजारी हव्यात. सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून, वर ठळक खूण करून तिसऱ्या पिशवीत द्यायचा, हे पहिल्याच दिवशी आणि न संकोचता सांगा. न सांगितल्यामुळेच तो ओल्यात येतो आणि हाताने निवडणाऱ्याला सोसावं लागतं.

ज्या घरात मदतनीस बाई काम करतात, तिथे त्यांनाही बोलवून दाखवा. अनेकदा घरमालकाला नियम पाठ असतो आणि बादली दुसरंच कोणी भरत असतं.